मदत हवी आहे: प्रेशर कॅनिंगसाठी सोलापुरात घराची उंची किती धरायची?

गच्चीवरची_बाग
जरा लवकर सांगा, फरसबी तोडून ठेवली आहे आणि उद्या सकाळी बरण्या लावायच्या आहेत, म्हणजे मोठ्या कुकरसारख्या कॅनरमध्ये दाबाच्या वाफेने तापवून हवाबंद करायच्या आहेत. घर जुळे सोलापुरात. कॅनरच्या पुस्तिकेत ‘समुद्रसपाटीपासूनची उंची बघून दाब ठरवा’ एवढंच लिहिलंय. मोबाइलवर तीन ॲप लावून बघितली. एकात ३८५ मीटर, दुसऱ्यात ४६०, तिसऱ्यात थेट ५२०. खरं कोणतं? आणि घर तिसऱ्या मजल्यावर आहे, ती उंची वेगळी मिळवायची का?

होटगी_रोड
ॲप कशाला हवं? रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, ती वाचून या. सोलापूर साधारण ४५८ मीटर, म्हणजे १,५०० फूट.

बरणी_झाकण
कॅनर काट्याचा आहे (दाब दाखवणारी तबकडी) की वजनाचा (झाकणावर ठेवायचं वजन)? बरण्या केवढ्या? गॅसवर करणार की आणखी कशावर? हे कळल्याशिवाय उंची सांगून काही उपयोग नाही.

नकाशावाला
तिन्ही आकडे का वेगळे, ते आधी सांगतो. उपग्रहावरून मोजलेली कच्ची उंची पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची असते. आपल्या भागात समुद्रसपाटी त्या आकाराच्या बरीच खाली येते, त्यामुळे दुरुस्ती न करणारं ॲप साठ-ऐंशी मीटर कमी दाखवतं. तुमचे ३८५ तिथून आले. ५२० वालं ॲप बहुतेक हवेच्या दाबावर चालतं. हवेचा दाब एक मिलिबारने उतरला की ते आठ-नऊ मीटर जास्त दाखवतं, म्हणून पावसाळी हवेत त्याचा आकडा वर जातो. ४६० वालं नकाशातली उंची देतंय, तेच धरा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटवर समोच्चरेषा बघितल्या तर खात्री होईल. मजल्याचे तीन-तीन मीटर सोडून द्या.

शिट्टी_वाजली
एवढा खटाटोप कशासाठी? घरचा ५ लिटरचा कुकर आहे ना? त्यात बरण्या ठेवायच्या, चार शिट्ट्या करायच्या, झालं. कुकरचा दाबही १५ पौंडच असतो.

बरणी_झाकण
@शिट्टी_वाजली, कृपा करून हे कुणाला सांगू नका. फरसबीत आंबटपणा नाही. बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू उकळत्या पाण्यात मरत नाहीत, त्यांना ११६ अंशांच्या आसपास ठरावीक वेळ लागतो. कॅनिंगच्या तपासलेल्या तक्त्यातल्या मिनिटांमागे मोठा कॅनर सावकाश तापणं आणि सावकाश निवणं हेही धरलेलं आहे. छोटा कुकर झटकन तापतो, झटकन निवतो, तेवढी उष्णता कमी पडते. शिवाय दर शिट्टीला दाब खाली येतो आणि बरणीतला रस बाहेर ओढला जातो. निदान एक-एक लिटरच्या चार बरण्या मावतील एवढं भांडं हवं. या जंतूंचं विष चवीला, वासाला कळत नाही.

वाळवण_२४
मी म्हणते, सोलापूरचं ऊन असताना बरण्या हव्यातच कशाला? फरसबी वाफवा, कडकडीत वाळवा, डब्यात भरा. ना दाब, ना उंची.

गच्चीवरची_बाग
ताई, वाळवण नको, बरण्याच लावायच्या आहेत. कॅनर वजनाचा आहे, काटा नाही. वजनाचे तीन भाग सुटे होतात. बरण्या अर्ध्या लिटरच्या. इंडक्शनवर करणार आहे.

बरणी_झाकण
आता नीट सांगता येईल. वजनाच्या कॅनरला १,००० फुटांपर्यंत १० पौंड, त्याच्या वर १५. काट्याच्या कॅनरला २,००० फुटांपर्यंत ११, ४,००० पर्यंत १२, ६,००० पर्यंत १३. तुमचे तिन्ही आकडे फुटांत काढा: १,२६३, १,५०९, १,७०६. सगळे १,००० आणि २,००० च्या मध्येच आहेत, त्यामुळे कुठलंही ॲप खरं धरलं तरी उत्तर एकच: वजनाचे तिन्ही भाग लावायचे, १५ पौंड. रत्नागिरीला १० पुरेल, महाबळेश्वरला काट्यावर १३ लागेल.

बरणी ५०० मिलीची असेल तर ती पिंटपेक्षा (४७३ मिली) थोडी मोठी आहे. मधल्या मापाला पुढच्या मापाची वेळ धरतात. फरसबीला पिंटला २० मिनिटं आणि क्वार्टला (सुमारे ९४६ मिली) २५, म्हणजे तुम्ही २५ धरा.

शिट्टी_वाजली
बरं, कुकर राहू द्या. पण १० पौंडावर ठेवून ३५ मिनिटं केली तर तेच झालं ना? १५ ला बरणी फुटायची भीती.

नकाशावाला
नाही. इथे बाहेरच्या हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा पाऊण पौंडाच्या आसपास कमी असतो. वजन फक्त बाहेरच्यापेक्षा किती जास्त तेवढंच राखतं, म्हणून आतलं तापमानही तेवढं उतरतं. ते दाब वाढवूनच भरून काढायचं, अंदाजाने मिनिटं वाढवून नाही. वजनात ११ ची पायरी नसते, म्हणून थेट १५.

बरणी_झाकण
आणि बरण्या १५ पौंडाने फुटत नाहीत, एकदम निववल्याने फुटतात. कुकर नळाखाली धरतो तसं इथे अजिबात करू नका.

शेंगांचे अडीच सेंटिमीटरचे तुकडे, ५ मिनिटं उकळलेले, बरणीत वर अडीच सेंटिमीटर जागा रिकामी. कॅनरच्या तळाशी पाणी पुस्तिकेत सांगितलंय तेवढं. झाकण लावून वजन न ठेवता १० मिनिटं वाफ जोरात जाऊ द्या. आत हवा राहिली तर दाब बरोबर असूनही तापमान कमी राहतं, नवीन लोक हेच विसरतात. मग वजन ठेवा. ते पुस्तिकेप्रमाणे हलायला लागलं की तिथून २५ मिनिटं. मध्ये दाब पडला तर पुन्हा पहिल्या मिनिटापासून. म्हणून इंडक्शनवर माझा भरवसा नाही. लाइट गेली की सगळं नव्याने. कॅनर जड नसेल तर गॅस घ्या, पण शेगडी आणि इंडक्शनवर किती वजन चालतं ते पुस्तिकेत बघा.

होटगी_रोड
हुरडा असा भरता येतो का? मंगळवेढ्याच्या ज्वारीचा.

बरणी_झाकण
त्याची तपासलेली वेळ नाही, तेव्हा नको. मक्याची वेळ त्याला लावू नका. गोठवा.

क्षार_फार
बोअरच्या पाण्याने बरण्यांवर पांढरा थर बसेल. कॅनरच्या पाण्यात दोन चमचे पांढरा व्हिनेगर घाला.

गच्चीवरची_बाग
कुणी विचारलं नव्हतं, पण बरं झालं. टोमॅटोही आहेत. तेही १५ वरच?

बरणी_झाकण
कुस्करलेला टोमॅटो उकळत्या पाण्यात चालतो, पण अर्ध्या लिटरच्या बरणीला किमान पाव चमचा सायट्रिक ॲसिड घालून. पिंटला ३५ मिनिटं, आपल्या उंचीला ४०. क्वार्टला ४५ ची ५० होतात, आणि तुमच्या बरणीला हेच ५० लागू. ताज्या लिंबाच्या आंबटपणाचा भरवसा नसतो, म्हणून लिंबू पिळून भागवू नका. कांदा-मिरची घातलीत तर हे गणित चालत नाही.

गच्चीवरची_बाग
गॅसची शेगडी काढली. सुटं वजन कुठे पडलंय, तेवढं शोधते आता.