मदत हवी आहे: दुकान जळाल्यावर कोणता अधिकारी काय विचारू शकतो? (बडोदे)

सुरसागर_काठ

नमस्कार मंडळी,

रावपुऱ्याजवळ एका जुन्या वाड्यात तळमजल्यावर माझ्या काकांचं गाद्या-उशांचं दुकान आहे, भाड्याचं. मागच्या पंधरवड्यात एका रात्री ते जळलं. आत कापूस, फोमच्या शीट, पिंजणयंत्र आणि लग्नसराईसाठी शिवून ठेवलेला माल होता. वरच्या मजल्यावरचं बिऱ्हाड वेळेत खाली उतरलं, कुणाला इजा नाही, हे देवाचे उपकार.

आग पहाटेपर्यंत विझली. खरा गोंधळ त्यानंतर सुरू झाला. आधी अग्निशमनचे अधिकारी आले, फोटो काढले, आग पहिल्यांदा कुणी पाहिली ते विचारलं. मग पोलिसांनी पंचनामा केला, कॅमेऱ्याचा डीव्हीआर आणि जळका स्विचबोर्ड नेला, शटरला कुलूप घालून वर कागद चिकटवला. वीज कंपनीचा माणूस मीटर पाहून गेला. शेवटी विम्याचे सर्व्हेअर. चौघांनी जवळपास तेच प्रश्न विचारले. काका रात्रभर जागे होते. दुकान बंद केल्याची वेळ त्यांनी एकाला साडेआठ सांगितली, दुसऱ्याला नऊ वाजून गेल्याची. आता पोलीस ठाण्यातून फोन आलाय, जबाबासाठी या म्हणून.

माझा मावसभाऊ न्यू जर्सीत असतो. तो म्हणतो, तिकडे फायर मार्शल असतो, कारण शोधण्याचं सगळं काम तोच करतो, तुम्हीही त्याच्याशीच बोला. इथे तसा माणूस कोण, हेच आम्हाला कळत नाहीये. काकांनी ठाण्यात गेलंच पाहिजे का? सही करावी का? डीव्हीआर आणि बोर्ड नेल्याची पावती मिळालेली नाही, ती मागता येते का? शटर किती दिवस बंद ठेवू शकतात? आणि अग्निशमनच्या अहवालात ‘संभाव्य कारण शॉर्ट सर्किट’ येणार असं ऐकतोय. त्याला कितपत वजन असतं?

हे सगळं इतक्या काकुळतीने विचारण्याचं कारण वेगळंच आहे. विम्यासाठी स्वतःच लावली असेल, अशी कुजबुज आळीत सुरू झालीय. काका सदुसष्ट वर्षांचे. सगळं आयुष्य त्या दुकानात गेलं, कुणाचं एक पैशाचं देणं ठेवलं नाही. दोन दिवसांपासून ते जेवायलासुद्धा खोलीबाहेर येत नाहीत. ज्यांना या कामाची खरी माहिती आहे, त्यांनी कृपया लिहा.

दिवाळीपुरा_वकील

ताई, काकांना आधी हे सांगा की चार जण आले म्हणून संशय आहे असं होत नाही. आपल्याकडे आगीचं कारण शोधणारा एकच सरकारी अधिकारी नसतो. अग्निशमन हे संविधानाच्या बाराव्या अनुसूचीप्रमाणे नगरपालिकांचं काम. गुन्ह्याचा तपास पोलिसांचा. विजेच्या अपघाताची चौकशी विद्युत निरीक्षकाची, पण २००३ च्या वीज कायद्याचं कलम १६१ माणूस किंवा जनावर दगावलं, जखमी झालं, किंवा तसं होण्याची शक्यता होती, अशा अपघातासाठी आहे. तशी चौकशी लागली तर साक्षीदार बोलावण्याचे आणि कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार निरीक्षकाला मिळतात. वीज कंपनीचा माणूस म्हणजे विद्युत निरीक्षक नव्हे, आणि सर्व्हेअर तर सरकारी नाहीतच.

मावसभावाचं म्हणणं तिकडच्यापुरतं ठीक आहे. पण तिथेही हात बांधलेले आहेत. मिशिगन विरुद्ध टायलर या १९७८ च्या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की आग विझवायला आत शिरलेले अधिकारी कारण शोधण्यासाठी वाजवी वेळ थांबू शकतात. पुढे वेगळ्या दिवशी तपासाला परत यायचं तर संमती किंवा वॉरंट हवं.

आपले अग्निशमन अधिकारी आग विझवताना कुलूप तोडून आत जाऊ शकतात, नंतर पाहणी करून अहवाल देतात. गुजरातच्या २०१३ च्या आग प्रतिबंधक कायद्याखाली सुरक्षिततेची तपासणी आणि नोटीस हेही त्यांच्याकडे आहे. अटक किंवा पोलिसी जबाब त्यांच्या हातात नाही. अहवालातलं ‘संभाव्य कारण’ हे त्यांचं मत असतं. दाव्यासाठी त्या अहवालाची प्रत लागेलच, अर्ज करून मागा.

आता ठाण्याचं. तिथे पहिला प्रश्न विचारा: जाणवाजोग नोंद (गुन्हा न धरता नुसती टिपून ठेवलेली माहिती) आहे की गुन्हा दाखल झालाय? नंबर लिहून घ्या. नुसती जाणवाजोग असेल तर तूर्त कुणी आरोपी नाही. गुन्हा असेल तर कलम बघा. भारतीय न्याय संहितेचं कलम २८७ आगीबाबत निष्काळजीपणाचं आहे, शिक्षा सहा महिन्यांपर्यंत. ३२६ मध्ये मुद्दाम लावलेली आग येते, आणि राहतं घर किंवा माल ठेवण्याची इमारत जाळली तर जन्मठेपेपर्यंत जातं. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

काकांना साक्षीदार म्हणून बोलावलं असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या (पोलीस तपासाची पद्धत ठरवणारा कायदा, पुढची कलमंही त्यातलीच) कलम १७९ प्रमाणे साठ वर्षांवरच्या पुरुषाला घराबाहेर यायला भाग पाडता येत नाही. अधिकाऱ्याने घरी येऊन विचारावं. काका स्वतः जायला तयार असतील तर गोष्ट वेगळी. मात्र कलम ३५(३) ची नोटीस आली तर ती ज्याच्यावर तक्रार किंवा संशय आहे त्याच्यासाठी असते, तिथे हजर राहावंच लागतं, आणि त्याआधी वकिलाला भेटा. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठीपुढच्या माणसाला अटक करायची तर उपअधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते, हे काकांना जरूर वाचून दाखवा.

तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही घ्यायची नसते, कलम १८१ तेच सांगतं. विचारलेल्याचं खरं उत्तर देणं बंधनकारक आहे. स्वतःवर गुन्हा ओढवेल अशा प्रश्नाचं उत्तर न देण्याची मोकळीक कलम १८० मध्येच आहे.

वेळांतली तफावत मला फार घाबरवणारी वाटत नाही. पण ती तशीच सोडू नका. शेवटचं बिल, शेवटचा फोन, मदतनीस कधी गेला, हे सगळं जुळवून काकांच्या शब्दांत एक कागद लिहा आणि तोच सगळ्यांना द्या. वेळ अंदाजे असेल तर अंदाजे लिहा.

डीव्हीआर आणि बोर्ड: जप्त मालाची यादी साक्षीदारांच्या सह्यांसह करावी लागते आणि कलम १०५ प्रमाणे जप्तीचं चित्रीकरणही. यादीची प्रत लेखी मागा. पुढे वस्तू परत मिळवायला न्यायालयात अर्ज करता येतो. मुद्देमाल ठाण्यात विनाकारण पडून राहू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच राज्यातल्या सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात २००२ मध्ये बजावलंय. शटरचं म्हणाल तर नेवाडा प्रॉपर्टीज प्रकरणात २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने ठरवलं, की जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०२ खाली पोलीस स्थावर मालमत्ता जप्त करू शकत नाहीत. ते कलम आता १०६ झालंय. पुरावा हलू नये म्हणून जागा थोडे दिवस राखणं वेगळं. म्हणून तो कागद नीट वाचा: सही कुणाची, कलम कोणतं?

विम्याबाबत एकच. आगीचं नेमकं कारण काय हे दाव्यासाठी गौण आहे, विमा उतरवणाऱ्याने ती लावलेली नसली की झालं. सर्वोच्च न्यायालयाच्या मुदित रोडवेज प्रकरणातल्या २०२३ च्या निकालात हे स्पष्ट आहे.

जुना_वायरमन

वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, मी तारेचं सांगतो. ‘शॉर्ट सर्किट’ हा शब्द फार पटकन लिहिला जातो. आगीने वायरचं आवरण जळालं की आतल्या तारा एकमेकींना चिकटतात आणि तिथेही ठिणगी पडते. तारेच्या टोकाला तांब्याचा मणी दिसला म्हणजे आग तिथूनच सुरू झाली असं ठरत नाही. तांबं सुमारे १,०८५ अंशांना वितळतं. नुसत्या आगीने वितळलेली तार लांबवर ओघळल्यासारखी दिसते, ठिणगीचा मणी आखूड आणि बाकीच्या तारेपासून वेगळा उठून दिसतो. हे प्रयोगशाळेत नीट पाहावं लागतं. म्हणून बोर्डासोबत एमसीबी (बिघाड झाला की आपोआप पडणारा स्विच), मेन स्विच आणि पिंजणयंत्राची केबलही राखली जावी असं पोलिसांना लेखी सांगा. आणि जळण मीटरच्या अलीकडे आहे की पलीकडे, याची नोंद हवी. खांबापासून मीटरपर्यंतची सर्व्हिस लाइन आणि मीटर कंपनीचं, पुढचं वायरिंग आपलं.

काकांवर बोट दाखवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. फोम जळला की त्यातून पेट्रोलजन्य वाटतील अशी रसायनं निघतात. कुणी म्हणालं ‘रॉकेलचा वास येत होता’, तर त्यावर काही ठरत नाही. राखेचा नमुना हवाबंद डब्यात किंवा काचेच्या बाटलीत घेऊन तपासला तर कळतं. साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घेतला असेल तर तशी नोंद करायला लावा, त्यातून वाफ उडून जाते.

सुरसागर_काठ

वकीलसाहेब, वायरमनकाका, तुमचं लिहिलेलं काकांना वाचून दाखवलं. पहिल्यांदाच उठून बसले आणि मदतनिसाला फोन लावला. ठाण्यात विचारलं, जाणवाजोगच आहे. शटरवरच्या कागदावर फक्त शिक्का आहे, कलम नाही. आता नवीन अडचण: वरची तुळई कमकुवत झालीय म्हणून घरमालक मलबा लगेच काढा म्हणतात, आणि सर्व्हेअर म्हणतात काही हलवू नका. कुणाचं ऐकावं?

दिवाळीपुरा_वकील

दोघांचंही, पण कागदावर. आजच एक अर्ज लिहा: तुळईचे फोटो जोडा, जागा धोकादायक आहे, मलबा हलवण्याआधी कुणाला नमुने घ्यायचे असतील तर अमुक तारखेपर्यंत घ्यावेत, आणि जागा कोणत्या कलमाखाली बंद आहे ते कळवावं. तोच अर्ज पोलीस, अग्निशमन, विमा कंपनी आणि महानगरपालिकेच्या वॉर्ड कार्यालयाला द्या. तुळईला आधार देण्यासाठी टेकू लावणं थांबवू नका, वरच्या बिऱ्हाडाच्या जिवाचा प्रश्न आहे. फक्त टेकू लावण्याआधी आणि नंतर चित्रीकरण करा. मलबा काढायची वेळ आली की आगीचा उगम जिथे वाटतो तो कोपरा शेवटी. प्रत्येक ठिकाणी अर्जाची दुसरी प्रत न्या आणि तिच्यावर तारखेसकट पोच घ्या.