बदलून दिलेल्या मदरबोर्डालाही गंज लागल्याचे सांगून वॉरंटी नाकारली. पुढे काय करावे?

सागरवेळ:

नमस्कार. मालवण तालुक्यात, समुद्रापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर असलेल्या गावात मी गेली सहा वर्षे ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे छोटे केंद्र चालवते. सातबारा, शिष्यवृत्तीचे अर्ज, पीएम किसानची ई-केवायसी, वीजबिले ही सगळी कामे मी एकटीच पाहते आणि आमचे घर त्यावरच चालते. गेल्या वर्षी जूनमध्ये एका नामांकित कंपनीचा ५२ हजारांचा लॅपटॉप घेतला आणि वर चार हजार रुपये भरून त्याची वॉरंटी दोन वर्षांची करून घेतली.

तीनच महिन्यांत तो चालू असताना अचानक बंद पडू लागला. निळा पडदा येत नाही, कोणतीही सूचना दिसत नाही. पडदा काळा होतो आणि पंख्याचा आवाज थांबतो. आमच्या जिल्ह्यात त्या कंपनीचे सेवा केंद्र नसल्यामुळे सप्टेंबरमध्ये तो घेऊन घाट चढले. १९ दिवसांनी मदरबोर्ड बदलून मिळाला. डिसेंबरमध्ये पुन्हा तीच तक्रार झाली, तेव्हा विंडोज नव्याने टाकून ‘यंत्रात दोष नाही’ असे सांगून परत दिला. मार्चमध्ये तिसऱ्यांदा नेला, तर दोन आठवड्यांनी फोन आला की बोर्डावर गंज आहे, हे ‘लिक्विड डॅमेज’ असल्याने वॉरंटी लागू होत नाही आणि २१,४०० रुपये भरल्यास बोर्ड बदलून मिळेल. या यंत्रावर पाण्याचा थेंबसुद्धा सांडलेला नाही. मी पैसे न भरता तो तसाच परत आणला.

खरा मनस्ताप मदतकेंद्राचा आहे. दर वेळी नवी व्यक्ती फोन घेते, दर वेळी सीरियल नंबरापासून सगळी हकीकत सांगावी लागते आणि ‘वरिष्ठांना कळवतो’ या वाक्याच्या पुढे गोष्ट जात नाही. लॅपटॉप त्यांच्याच ताब्यात पडून असताना ‘आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे’ असा संदेश मला दोनदा आला आणि तक्रार परस्पर बंद झाली.

गेल्या आठवड्यात वाडीवरून एक आजोबा ई-केवायसीसाठी आले होते. आयुष्यभर शेतात राबून अंगठ्याच्या रेषा इतक्या झिजलेल्या की चार वेळा ठसा जुळला नाही. मी त्यांचे बोट ओल्या फडक्याने पुसले, पुन्हा यंत्रावर ठेवायला सांगितले, पाचव्या वेळी हिरवी खूण उमटली आणि त्याच क्षणी पडदा काळा झाला. त्यांनी दचकून बोट मागे घेतले आणि ‘माझ्याकडून काही बिघडलं काय गो?’ असे विचारले. मला काय उत्तर द्यावे ते सुचेना.

माझे दोन प्रश्न आहेत. गंज माझ्या निष्काळजीपणामुळे आलेला नाही हे मी कसे दाखवू? आणि लॅपटॉप धंद्यासाठी वापरत असल्यामुळे ग्राहक आयोग माझी तक्रार ऐकेल का?

सोल्डर:

ताई, मी कोल्हापुरात लॅपटॉपचे बोर्ड दुरुस्त करतो आणि किनाऱ्यावरून येणारी यंत्रे दर पावसाळ्यात हाताळतो, म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर अनुभवावरून देतो.

सांडलेले पाणी आणि समुद्राची हवा यांच्या खुणा वेगळ्या असतात. चहा किंवा पाणी सांडले असेल, तर डाग एका ठिकाणाहून सुरू होतो, बहुधा कीबोर्डच्या खालून, आणि पाणी जिथवर वाहिले तिथवर त्याची कड दिसते; चहा असेल तर चिकट थरही राहतो. खाऱ्या हवेचा गंज मात्र विखुरलेला असतो: स्क्रूच्या डोक्यांवर, यूएसबीच्या तोंडाशी, उघड्या तांब्यावर थोडा थोडा हिरवट थर. म्हणून सेवा केंद्राकडे बोर्डाचे दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो लेखी मागा आणि बोर्डावरचे स्टिकर त्यात वाचता आले पाहिजे असा आग्रह धरा. तो बोर्ड सप्टेंबरमध्ये त्यांनीच बसवलेला आहे, हे विसरू नका. बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत दुरुस्त केलेले जुने भाग वापरण्याची मुभा लिहिलेली असते, त्यामुळे तो बोर्ड बसवतानाच वापरलेला होता का, हा प्रश्न तुम्ही नक्की विचारावा. शिवाय पुष्कळ लॅपटॉपच्या माहितीपत्रकात, दव धरत नसेल तर, १० ते ९० टक्के आर्द्रतेत यंत्र चालते असे छापलेले असते. तुमच्या मॉडेलचे पत्रक काढून तो आकडा पाहा.

दुसरे म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोज ठेवत असलेल्या नोंदी दाखवणारा प्रोग्राम, उघडून ‘सिस्टिम’ नोंदींत ‘कर्नेल-पॉवर ४१’ शोधा. यंत्र रीतसर बंद न होता थांबले एवढेच ती नोंद सांगते, कारण सांगत नाही; पण प्रत्येक वेळेची तारीख आणि वेळ त्यात मिळते. त्यातला बगचेक कोड, म्हणजे विंडोज कोसळताना नोंदवते तो त्रुटीचा क्रमांक, शून्य असेल, तर विंडोजने स्वतः नोंदवलेली चूक नसून वीज तुटली किंवा यंत्र पूर्ण गोठले, असा अंदाज बांधता येतो. ‘तुमच्याकडे लाइट जाते’ हे कारण कुणी पुढे केले, तर बॅटरी शाबूत असलेला लॅपटॉप लाइट गेल्याने बंद पडत नाही, हे त्यांना सांगा. डिसेंबरमध्ये विंडोज नव्याने टाकल्यामुळे त्याआधीच्या नोंदी गेल्या, याचे मला मनापासून वाईट वाटते. आमच्या धंद्यात हे फार सहज केले जाते आणि त्यात ग्राहकाचा पुरावाच पुसला जातो.

एक काळजी मात्र घ्या. तुमच्या यंत्रात लोकांच्या आधारच्या प्रती असणार. पुन्हा यंत्र द्याल तेव्हा त्या आधी काढून घ्या आणि ‘माहिती पुसू नये’ असे जॉबशीटवर, म्हणजे यंत्र घेताना सेवा केंद्र देते त्या कागदावर, लिहूनच द्या.

ग्राहकहित:

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(७) मध्ये व्यापारी हेतूने वस्तू घेणाऱ्याला ग्राहक मानलेले नाही, परंतु केवळ स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठी स्वतः घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी हेतूची धरली जात नाही, असे त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे. आपण एकट्याच केंद्र चालवता, ही बाब तक्रारीच्या पहिल्या परिच्छेदात लिहा, कारण समोरची बाजू पहिला आक्षेप बहुधा याच मुद्द्यावर घेते.

तक्रार कंपनीच्या मुख्यालयाच्या शहरात करावी लागत नाही; कलम ३४ नुसार आपण राहता किंवा काम करता त्या जिल्ह्याच्या आयोगात ती करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि ऑनलाइन दाखल करण्याची सोय आहे. मुदत दोन वर्षांची आहे. वस्तूतील दोष तपासणीशिवाय ठरत नसेल, तर आयोग ती प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. कायद्यात निकालासाठी तीन महिने आणि तपासणी लागल्यास पाच महिने असे उद्दिष्ट लिहिले आहे. प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त काळ लागतो, तेव्हा मनाची तयारी ठेवा. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा आणि कंपनीला लेखी नोटीस पाठवा. दूरध्वनीवरचे बोलणे नंतर कुणी मान्य करत नाही, म्हणून प्रत्येक फोननंतर त्याच दिवशी ‘आपल्या प्रतिनिधीने मला असे सांगितले’ असा ईमेल पाठवण्याची सवय लावून घ्या.

टंकलेखक:

वरचे सल्ले योग्य आहेत, तरी एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. माझ्या प्रिंटरच्या बाबतीत मी १९१५ वर तक्रार केली होती, तेव्हा कंपनीने आधीचेच उत्तर तिथे चिकटवले आणि तक्रार बंद झाली. मी तिथेच थांबलो, ही माझी चूक होती. आपण थांबू नका. पण निकाल लागेपर्यंत केंद्र बंद राहता कामा नये. एखादा जुना डेस्कटॉप मिळवून काम चालू ठेवा आणि हा लॅपटॉप बाहेर कुठेही उघडू देऊ नका. दुसऱ्या कुणी स्क्रू फिरवल्याचे दिसले, तर कंपनीला आयतेच निमित्त मिळेल.

सागरवेळ:

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री सगळी कागदपत्रे काढून बसले. मार्चच्या जॉबशीटवर यंत्र स्वीकारताना त्यांच्याच माणसाने ‘बाह्य स्थिती चांगली, डाग अथवा ओल नाही’ असे लिहिले आहे आणि खाली शिक्का मारला आहे. हा कागद इतके दिवस माझ्या फायलीत होता आणि मी तो वाचलाच नव्हता. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डिसेंबरपासून आजपर्यंत ३७ वेळा ‘४१’ची नोंद आहे, आणि मी उघडून पाहिलेल्या प्रत्येक नोंदीत बगचेक कोड शून्य आहे. ‘सोल्डर’ यांनी सांगितल्याप्रमाणे बोर्डाचे फोटो मागणारा ईमेल पाठवला आणि आज सकाळी जॉबशीटची प्रत व नोंदींची यादी जोडून, पंधरा दिवसांची मुदत देणारी नोटीस स्पीड पोस्टाने रवाना केली. १९१५ वरही तक्रार नोंदवली आहे.

शेजारच्या मुलाचा लॅपटॉप दोन तासांसाठी मागून आणला आणि त्या आजोबांची ई-केवायसी आज पूर्ण केली. कंपनीचे उत्तर आले की इथेच कळवते.