सहीआधी गालिच्याची पाठ पाहा
‘हबीबियानची सही आहे म्हणजे अस्सलच’ हे मला पटत नाही. इराणमधल्या नाईन शहराचे गालिचा-कारखानदार हबीबियान यांचं नाव इतकं मोठं, की ती सही इतरांनीही भरपूर विणली. गालिचा उलटा करा. सहीच्या गाठी बाकीच्या विणीइतक्याच बारीक आणि एकजीव हव्यात; मागाहून भरलेली सही पाठीमागे उघडी पडते. मग झालरीचा एक धागा उलगडून पदर मोजा. नाईनमध्ये त्यालाच ‘ला’ म्हणतात: चार-ला सर्वांत तलम, सहा-ला उत्तम, नऊ-ला जाडसर. हे खोट्या सहीने बदलत नाही.

आणि सही बहुधा कारखानदाराची असते, विणकराची नव्हे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या अर्दबील गालिच्यावर मक्सूद काशानी हे एकच नाव आणि हिजरी ९४६ हे साल आहे, पण तो साडेदहा मीटर लांब गालिचा कित्येक हातांनी विणलाय. त्या हातांची नावं कुठेच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.