सणांचा शीण कसा घालवता? गरम पाण्याची कुंडं आणि समोर बसून ऐकलेलं गाणं : अनुभव सांगा

धाकटी_जाऊ

गणपती झाले, नवरात्र झालं, दिवाळीही उरकली. फराळाचे डबे घासून पालथे घातले आणि मग कंबरेने तोंड उघडलं.

नरकचतुर्दशीची आमच्याकडची तऱ्हा सांगते. पहाटे चारला उठून बंब पेटवायचा, एकेकाला तेल-उटणं लावून द्यायचं, पाटाभोवती रांगोळी, ओवाळणं. सगळ्यांची अभ्यंगस्नानं आटोपली की शेवटचा नंबर आपला. तोवर बंबातली धग गेलेली, पाणी कोमट, आणि बाहेरून आवाज, "चकल्या कुठल्या डब्यात ठेवल्यात गं?"

यंदा भाऊबीज झाली आणि मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "चल, आपण दोघीच." कल्याणहून वज्रेश्वरी गाठली. देवीचं दर्शन घेतलं. वसईच्या 1739 च्या विजयानंतर चिमाजी आप्पांनी बांधवलेलं देऊळ. पायऱ्या नि तट बघून आधी किल्लाच वाटतो. तिथून गणेशपुरीला कुंडावर. पाय घातला की पहिल्यांदा झटकन मागे येतो. मग घोटा, पोटरी, गुडघा असं करत बसायचं. नित्यानंदांच्या समाधिमंदिराकडून भजन ऐकू येत होतं. पेटी जरा बेसूर, टाळ मात्र पक्के. जाऊबाई डोळे मिटून बसल्या होत्या. इतक्या वेळात आम्हाला कुणी एक हाक मारली नाही, हे मला घरी परतल्यावर लक्षात आलं.

तुमचेही अनुभव लिहा. अट एकच. गाणं समोरच्या माणसाचं हवं, मोबाइलमधलं नको.

लालबागचा_चाकरमानी

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं की मुंबईला निघायच्या आदल्या सकाळी राजवाडीच्या कुंडावर जायचं, हे आजोबांपासून चालत आलंय. महामार्गावरच्या तुरळलाही कुंड आहे, पण राजवाडीला झाडी आहे, शांतता आहे. पावसाची भुरभुर डोक्यावर आणि छातीपर्यंत गरम पाणी. मुंबईकराला आणखी काय हवं?

गाण्याचं म्हणाल तर आदल्या रात्री वाडीत जाखडी. मध्ये मृदंगवाला आणि गाणारे, भोवती घुंगरू बांधलेल्या पोरांचा फेर. गण, गवळण झाली की शक्ती-तुऱ्याचे सवाल-जवाब सुरू. समोरच्या शाहिराने कोडं घातलं की आमचा म्हातारा शाहीर आधी मिशीवर हात फिरवतो, मगच तोंड उघडतो. रात्रभर बसून पाठ धरते, ती सकाळी कुंडात सुटते.

एसटीप्रेमी

माझा अनुभव वाईट. दिवाळीच्या सुट्टीतला रविवार, ठिकाणाचं नाव घेत नाही. पाण्यापेक्षा माणसं जास्त, पाण्यावर साबणाचा फेस आणि काठावर कुणीतरी ब्लूटूथ स्पीकर लावलेला. आधीपेक्षा जास्त दमून घरी आलो. जायचं तर मंगळवारी-बुधवारी आणि उजाडता उजाडता जा, नाहीतर घरीच बादलीत पाय सोडून बसा.

जोडवी_काळी

उन्हवऱ्याची (तालुका दापोली) गोष्ट. बायका-पुरुषांसाठी वेगळी, भिंती घातलेली स्नानगृहं आहेत, त्यामुळे बायकांना मोकळेपणा मिळतो. मूळ झऱ्यापाशी पाणी 70 अंशांच्या आसपास, तिथे हात घालायची हिंमत करू नका. टाकीत येईतो सोसवण्याइतकं होतं.

नवीन जोडवी घालून उतरले आणि बाहेर आले तर काळीठिक्कर! सासूबाईंना वाटलं, सोनाराने फसवलं. फसवलं नव्हतं, उलट चांदी खरी होती. पाण्यातल्या गंधकाच्या वायूमुळे चांदीवर काळा थर चढतो. भांड्याच्या तळाला अ‍ॅल्युमिनियमची फॉइल, वर खायचा सोडा, त्यावर उकळतं पाणी, त्यात जोडवी फॉइलला टेकतील अशी बुडवायची. थोड्या वेळात पांढरी. तरी दागिने काढून जाणंच बरं.

दगडधोंडे

"खाली ज्वालामुखी आहे का हो?" असं दर वेळी कुणीतरी विचारतंच, म्हणून लिहितो. नाही. ठाणे-पालघरपासून राजापूरपर्यंत किनाऱ्याला साधारण समांतर अशी या झऱ्यांची रांग आहे. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरतं. जमिनीखाली दर किलोमीटरला तापमान साधारण 25 ते 30 अंशांनी वाढतं. तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेतून वर येतं, वाटेत खडकांतले क्षार घेऊन. म्हणजे आज अंगावर घेतलेलं पाणी फार जुन्या पावसाचं. मला तरी हे गंधकाच्या डोंगराच्या दंतकथेपेक्षा भारी वाटतं.

भारतीय_बैठक

पुण्यात कुंड नाही, पण सवाई गंधर्व आहे! भीमसेनजींनी 1953 मध्ये गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा उत्सव डिसेंबरात येतो. तोवर दिवाळी, पाठोपाठ लग्नसराई, आहेर, मानपान यांनी डोकं पिकलेलं असतं. मी खुर्चीचं तिकीट काढत नाही. खाली सतरंजीवर, खांबाला टेकून, शाल आणि चहाचा थर्मास. तंबोरे जुळायला लागले की शेजारचे काका बोलायचे थांबतात, तेवढ्यानेच निम्मा शीण जातो. पूर्वी पहाटेपर्यंत चालायचं. आता ध्वनिक्षेपकाच्या नियमामुळे बहुतेक दिवशी रात्री दहाला आटोपतं, आणि उत्तररात्रीचे राग त्यांच्या वेळेला ऐकायचे राहूनच जातात. याची चुटपुट आहे.

उत्सव संपला की खोपोलीवरून पालीला. बल्लाळेश्वर आणि मग जवळच उन्हेऱ्याचं कुंड. आधी कान, मग हाडं.

तोक्योकर

जपानमधून लिहितोय. इथे वर्षअखेरीची सुट्टी म्हणजे घराची झाडलोट, भेटवस्तू, कार्डं... आपल्या दिवाळीच्या तयारीची सख्खी बहीण. गुन्मा प्रांतात कुसात्सू म्हणून गाव आहे. तिथला एक झरा 50 अंशांच्याही वर. थंड पाणी मिसळलं तर औषधी गुण पातळ होतात, म्हणून ते मिसळत नाहीत. मग निववायचं कसं? लांबलचक लाकडी फळ्या घेऊन बायका हौदाभोवती उभ्या राहतात आणि पाणी ढवळतात, तालावर, गात गात. आता त्याचा पर्यटकांसाठी खेळ होतो, आपल्यालाही फळी हातात मिळते. ती जड असते. गाण्याचा ताल सुटला की फळी शेजारणीच्या फळीवर आपटते.

ते ऐकताना मला आजीच्या जात्यावरच्या ओव्या आठवल्या. काम आणि गाणं वेगळं काढताच येत नाही असं गाणं.

नंतर खऱ्या आंघोळीला गेलो. आधी स्टुलावर बसून साबण लावून स्वच्छ व्हायचं, अंगावर कपडा चालत नाही, छोटा पंचा दुमडून डोक्यावर. पहिल्यांदा लाजून पाणीपाणी झालो. पण तिथे कुणी कुणाकडे बघत नाही.

जोडवी_काळी

@तोक्योकर, म्हणजे तिथेही पाणी ढवळायला बायकाच! आणि मग डुंबायला कोण?

तोक्योकर

बायकांची आणि पुरुषांची स्नानगृहं वेगळी असतात, म्हणजे डुंबतात सगळेच. पण प्रश्न पोचला.

धाकटी_जाऊ

पोचला ना? मग पुढच्या नरकचतुर्दशीला बंब तुम्ही पेटवा.

पेटीवाला

मी भजनी मंडळात पेटी वाजवतो (गणेशपुरीची बेसूर ती माझी नव्हे). वाजवणाऱ्याचाही शीण जातो का, असं बायकोने विचारलं. जातो. भात्यावरचा हात आखडतो, पण समोर बसलेल्यांपैकी एकाची जरी मान हलली तरी रात्री झोप छान लागते.

रात्रपाळीची_सिस्टर

झोपेचं म्हणालात म्हणून. गरम पाण्यातून बाहेर आलं की शरीराचं आतलं तापमान उतरू लागतं आणि त्यानेच झोप येते. त्यामुळे घरी करायची असेल तर गरम आंघोळ झोपायच्या तास-दोन तास आधी.

कुंडात एका वेळी दहा-पंधरा मिनिटं पुरे. भरल्या पोटी नको, दारू पिऊन तर मुळीच नको. गरोदर बायकांनी टाळावं. डोकं पाण्याखाली घालू नका, नाकात पाणी जाऊ देऊ नका. कोमट-गरम गोड्या पाण्यात एक अमीबा असू शकतो. नाकावाटे मेंदूत शिरल्याच्या घटना क्वचित घडतात, पण तो आजार जीवघेणा असतो.

नवी_सून

धागा वाचून घरात ठराव मंजूर झालाय, पुढच्या आठवड्यात उन्हेरे. सासूबाईंना बीपी आहे, गोळी चालू आहे. न्यावं का?

रात्रपाळीची_सिस्टर

त्यांच्या डॉक्टरांना विचारून न्या. गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैलावतात, बीपी उतरतं, त्यात गोळीचा परिणाम, मग एकदम उठलं की भोवळ येते. त्यांना आत उतरवू नका. काठावर बसून गुडघ्यापर्यंत पाय सोडू द्या, पाण्याची बाटली जवळ ठेवा, आणि उठताना हाताला धरा. काठाला शेवाळ असतं.