मरून रंगाला मराठीत नेमके काय म्हणायचे?

लक्ष्मी रोडवर बस्ता बांधताना एकाच शालूला आत्या ‘किरमिजी’ म्हणाली, वहिनी ‘डाळिंबी’ आणि दुकानदार ‘मरून’. तिघेही ठाम! बरोबर कोण? लेखात ‘तपकिरी लाल’ लिहिले तर चालेल का? आणि मरुन की मरून?

प्रतिसाद

शेवटचे आधी. अकारान्त शब्दातला उपान्त्य उकार दीर्घ, म्हणून ‘मरून’.

आत्यांचा शब्द सुंदर आहे, पण रंग वेगळा. किरमिजी हा मुळात किड्यांपासून काढलेला लाल. फारसी ‘किर्म’ आणि संस्कृत ‘कृमी’ एकाच कुळातले. इंग्रजीतले क्रिमझन आणि कार्माइनही त्याच घरातले. हा लाल उजळ असतो आणि किंचित निळ्याकडे झुकतो. मरून आला फ्रेंच ‘मारों’वरून, म्हणजे चेस्टनट. त्यामुळे तो तपकिरीकडे झुकलेला, दबलेला लाल. संगणकाच्या पडद्यावर तर हिशेब अगदी सोपा आहे: भडक लाल म्हणजे २५५, तो १२८ वर आणला आणि हिरवा-निळा शून्य ठेवला की मरून. त्यात दुसरा रंग मिसळत नाही, फक्त उजेड कमी होतो.

रंगाऱ्यांची रीत मात्र वेगळी आणि मला तीच जास्त आवडते. मंजिष्ठाच्या मुळांचा रंग तुरटी लावलेल्या कापडावर लाल चढतो, लोखंडाचे पाणी लावलेल्यावर जांभळट काळा. दोन्ही मिसळून लावले की मधल्या गडद छटा मिळतात, त्यातलीच एक आपली मरून. म्हणजे इंग्रजी नाव इथे येण्याच्या कितीतरी आधी हा रंग आपल्या कापडावर होता.

‘तपकिरी लाल’ कृपया नको. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तपकीरच येते. विटकरी नारिंगीकडे जातो, चॉकलेटीत लाल जवळजवळ उरत नाही. काताचा रंग त्यातल्या त्यात जवळचा, पण साडीच्या दुकानात तो कोणी म्हणत नाही.

राहिला डाळिंबी. इरकलीच्या काठापदरात जो गडद लाल दिसतो, त्याला हाच शब्द शोभतो. दाणे फिके असतात आणि गडदही, तशी या शब्दाची व्याप्तीही सैल आहे. ऐन मरूनपेक्षा तो थोडा उजळच. तरी शालूसाठी मी वहिनींच्या बाजूने.

प्रतिसाद

डाळिंबी टिकण्याचे आणखी एक कारण आमच्या घरात होते. लग्नाच्या खरेदीत कोणी ‘मरून साडी’ म्हटले की आजी लगेच अडवायची. ‘मरून गेला’ मधला शब्द आणि हा शब्द लिहायला-बोलायला एकच ना! शुभकार्यात तो तोंडी यायला नको, ‘डाळिंबी म्हण’, असा तिचा आग्रह. मला तो पटतो.

प्रतिसाद

वेस्ट इंडिजच्या क्रिकेट टोपीचा मरून आणि जमैकाच्या डोंगरांत राहिलेले, गुलामीतून निसटलेले ‘मरून’ लोक, यांचा संबंध आहे का?

प्रतिसाद

नाही. त्या लोकांचे नाव स्पॅनिश ‘सिमारॉन’वरून आले, म्हणजे पळून रानात गेलेला. योगायोगाने उच्चार जुळला.

पण टोपीवरून एक सुचले. पॅराशूट रेजिमेंटची टोपी मरून, राजनैतिक अधिकाऱ्यांचा पासपोर्ट मरून, तिबेटी भिक्षूंची वस्त्रे मरून, कोरेगाव पार्कात ओशोंच्या साधकांचा झगाही मरून. यांतल्या कशालाही डाळिंबी म्हटलेले मी ऐकले नाही. गणवेश आणि दीक्षेच्या कपड्यांना मरून, साडी-खणाला डाळिंबी, अशी वाटणी बोलण्यात आपोआप झालेली दिसते. तेव्हा मरूनला परका समजून हटवायची गरज नाही. तुमच्या लेखात शालू असेल तर बिनधास्त डाळिंबी लिहा, आणि आत्यांचा किरमिजी खऱ्या किरमिजीसाठी राखून ठेवा. तो शब्द मरूनच्या नावावर खर्च केला, तर त्या उजळ लालाला आपल्याकडे दुसरे नाव उरणार नाही.