टस्कनीच्या टेकड्यांवर फुल सस्पेन्शन कशाला?

चाकोरी

टस्कनीला सायकल चालवायला निघालेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "तिथे १५० मिमीची फुल सस्पेन्शन भाड्याने मिळते का?" (म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे शॉक असलेली, १५० मिमी दबणारी माउंटन बाइक.) मिळते. पण लागत नाही, आणि तिच्यावर खर्च केलेले पैसे बहुतेक वाया जातात, असं माझं मत आहे.

सिएनाच्या उत्तरेला किआंती, आग्नेयेला क्रेते सेनेसी, दक्षिणेला व्हाल दोर्चा. तिन्हीकडे दिवसाचा बराचसा भाग 'स्त्रादे बियांके'वर, म्हणजे पांढऱ्या खडीच्या रस्त्यांवर जातो. आपली पांदण डोळ्यांपुढे आणा, फक्त मुरूम पांढरा आणि कडेला बाभळीऐवजी सरू. इथे दोनच गोष्टी छळतात. एक म्हणजे चढ: ले तोल्फेचा तुकडा १८ टक्क्यांपर्यंत जातो. दुसरी म्हणजे टणक पृष्ठभागावर पसरलेली सुटी खडी, जिच्यावर वळणात पुढचं चाक बाहेर सरकतं. मागचा शॉक या दोन्हींपैकी एकही प्रश्न सोडवत नाही.

त्यापेक्षा १००-१२० मिमी फोर्कची हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे शॉक असलेली सायकल, घ्या. २.३५ इंची ट्यूबलेस टायर, ७५ किलोच्या माणसाला हवा पुढे १९-२० आणि मागे २२-२३ पीएसआय. भाड्याच्या सायकलीत हवा हमखास ३० च्या पुढे भरलेली असते. ती सोडली की अर्धी घसरण तिथेच संपते.

मग गिअर. पुढे ३२ दात, मागे ५१, चाक २९ इंची. मिनिटाला ६० पेडल मारले तर वेग ताशी साधारण ५.२ किमी. सायकलीसकट ९० किलो वजन १८ टक्के चढावर या वेगाने न्यायला सुमारे २५० वॅट लागतात. पुढे ३० दातांची चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चाक) असेल तर त्याच लयीत २३५. हे १५ वॅट दिवसाच्या सहाव्या चढावर जाणवतात. दुकानदाराला शॉकबद्दल नाही, चेनरिंगबद्दल विचारा.

दगडवाट

सपशेल असहमत. तुम्ही वर्णन केलंत ती कॅलेंडरवरची टस्कनी. मास्सा मारित्तिमाकडे जा. भोवतालच्या डोंगरांचं नावच 'कोल्लीने मेताल्लीफेरे', धातूच्या टेकड्या. ओक आणि काटेरी झुडपांतून जाणाऱ्या अरुंद वाटा, जमिनीतून वर आलेले धारदार दगड, मुळांच्या पायऱ्या. किंवा मोन्ते आमियाता घ्या: १७३८ मीटरचा विझलेला ज्वालामुखी, वर बीच, खाली चेस्टनट. शरद ऋतूत पानांच्या थराखाली दगड दिसतच नाहीत. तिथे हार्डटेलचं मागचं चाक दगडावर आपटून उडतं, आणि उडालेलं चाक ना ब्रेक घेतं ना पकड.

रस्ता कुठला निवडलाय ते आधी बघा, सायकल नंतर. इटलीच्या गिर्यारोहण क्लबची, म्हणजे 'सीएआय'ची, माउंटन बाइकसाठी स्वतंत्र श्रेणी आहे, सोप्यापासून अवघडाकडे: टीसी, एमसी, बीसी, ओसी, ईसी. पहिलं अक्षरयुग्म चढाचं, तिरक्या रेघेनंतरचं उताराचं. 'एमसी/बीसी' म्हणजे चढ मध्यम कौशल्याचा, उताराला चांगलं कौशल्य हवं. उतार एमसीपर्यंत असेल तर तुमची हार्डटेल कबूल. बीसीपासून पुढे १३० मिमी फुल सस्पेन्शन ही चैन नाही.

फुल सस्पेन्शनला नावं ठेवणारे बहुतेक शॉक आपल्या वजनाला न जुळवता ती चालवतात. भाड्याच्या सायकलीत शॉकची हवा आधीच्या ग्राहकाच्या वजनाची असते. सामानासकट सायकलीवर बसा, शॉकच्या दांड्यावरचं रबरी कडं सीलला टेकेपर्यंत सरकवा, हलकेच उतरा. ५५ मिमी स्ट्रोकच्या, म्हणजे तेवढा दबू शकणाऱ्या, शॉकवर कडं सीलपासून १५ मिमीच्या आसपास सरकायला हवं. २० सरकलं तर हवा कमी, चढावर पेडल दगडांना लागणार. १० सरकलं तर हवा जास्त, म्हणजे तुम्ही दोन किलो जादा वजनाची हार्डटेल चालवताय. आणि चढावर दबू नये म्हणून बंद (लॉक) केलेला शॉक उतारापूर्वी उघडा. तो विसरून "काही फरक जाणवला नाही" म्हणणारे पुष्कळ.

पंचेचाळीस_मिमी

दोघंही जास्तीचं लोखंड वाहताय. (कार्बन म्हणा हवं तर.) किआंतीतल्या गायोलेची 'लेरोइका' ही सायकलफेरी १९९७ पासून याच पांढऱ्या रस्त्यांवर होते आणि तिथे १९८७ पर्यंतच्या जुन्या रेसिंग सायकलीच चालतात. हे रस्ते डांबराखाली जाऊ नयेत, हा त्या उपक्रमाचा एक हेतू होता. २००७ पासून व्यावसायिकांची शर्यतही त्यांवरच. ४५ मिमी टायरची ग्रॅव्हल सायकल (रेसिंगसारखीच, पण खडीसाठी रुंद टायरची) इथे पुरून उरते. मोन्ते सान्ते मारीएचा साडेअकरा किलोमीटरचा तुकडा माउंटन बाइकवर रखडत काढण्यात काय मजा?

चाकोरी

@पंचेचाळीस_मिमी, व्यावसायिकांचे पाय भाड्याने मिळत नाहीत. ग्रॅव्हलवर पुढे ४० आणि मागे ४२ असेल, तर ६० च्या लयीत ताशी साडेसात किमी. १८ टक्क्यांवर त्याला साडेतीनशे वॅट. लय ४० वर आणली तर वॅट उतरतील, पण गुडघे बोलायला लागतील, शिवाय उभं राहून दाबलं की सुट्या खडीवर मागचं चाक जागेवर फिरतं. सायकल ढकलत चढणं हाही व्यायाम आहेच म्हणा.

@दगडवाट, आमियाताबद्दल मान्य. पण दहापैकी आठ जण तिथे जातच नाहीत.

काळी_माती

हार्डटेल, फुल सस्पेन्शन, ग्रॅव्हल... पाऊस पडला की तिन्हींची किंमत सारखीच, म्हणजे शून्य.

'क्रेते' या नावातच चिकणमाती आहे. प्राचीन समुद्राच्या तळाची ही राखाडी माती. कोरडी असताना सिमेंट, ओली झाली की चाकाला थरावर थर. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या रानातून पावसात सायकल नेलेल्यांना वेगळं सांगायला नको. मे २०१० मध्ये जिरो द'इतालिया शर्यतीचा मोन्ताल्चिनोचा टप्पा पावसात झाला, तेव्हा शर्यतवीर ओळखू येईनात. जिंकला कादेल इव्हान्स, मूळचा माउंटन बाइकवाला. आणि ते रस्ते निदान खडीचे होते. शेताच्या कडेची मातीची वाट त्याहून वाईट.

बिघडतं असं: माती आणि खडे मिळून टायर आणि फ्रेम यांच्यामधली फट भरते. फुल सस्पेन्शनमध्ये ही फट खालच्या सांध्यापाशी आणखी चिंचोळी असते, आणि तिथे काडीही जात नाही. चाक जड झालं की माणूस जोर लावतो. गवताचा एखादा दोर डिरेलरमध्ये, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या मागच्या यंत्रणेत, ओढला जातो, डिरेलर मागे वळतो, तो फ्रेमला जोडणारा तुकडा, म्हणजे हँगर, तुटतो. कधीकधी डिरेलर थेट आऱ्यांत.

म्हणून:

चाक जड वाटताच पेडल थांबवा, उतरा, सायकल उचलून गवतावर घ्या. ओल्या चिकणमातीत ढकलणं हे चालवण्याइतकंच वाईट, चाक तेवढंच भरतं. माती खरवडायला प्लास्टिकचा टायर लीव्हर किंवा काडी पुरते.

त्याच सायकलीच्या मापाचा जादा हँगर सोबत ठेवा. हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, तो भाड्याने घेतानाच मागून घ्यायचा. चेनचं जोडकडंही.

संध्याकाळी धुताना उच्च दाबाचा फवारा बेअरिंगांवर मारू नका. बादली, ब्रश, आणि ब्रेक पॅडमधली माती वेगळी. बारीक माती अडकलेले ऑरगॅनिक पॅड एका लांब उतारात संपू शकतात.

शेतकरी वाफसा आल्याशिवाय रानात औत घालत नाही, तेच सायकलीला लागू. मूठभर माती घ्या, तळव्यांमध्ये वळा. वात वळली तर वाट बंद. चुरा झाला तर चला. क्रेतेत वात वळत असेल त्या दिवशी किआंतीच्या दगडाळ बाजूला जा, तिथे पाणी लवकर निचरतं.

चार्जर

ई-बाइकचं नाव कोणी काढत नाही, शुद्धतावादी सगळे. २५० वॅट मोटर, ताशी २५ किमीनंतर मदत बंद, हा युरोपचा नियम. १८ टक्क्यांचा चढ बोलत बोलत चढता येतो, मग शॉकचं दोन किलो जादा वजन हा मुद्दाच उरत नाही. ५०० वॅट-तासांच्या बॅटरीवर मध्यम मदतीत १५०० ते २००० मीटर चढाई होते. टस्कनीतला एक दिवस आरामात. बॅटरी विमानात नेता येत नाही (प्रवासी विमानात मर्यादा १६० वॅट-तास), त्यामुळे तिथेच भाड्याने घ्या.

काळी_माती

चढाचं मान्य. पण २४ किलोची सायकल काटेरी तारेवरून किंवा ओढ्यातून उचलायची वेळ आली की बोला. शिवाय मोटर चिखलातही चाक ओढत राहते, पायाला जडपणा उशिरा कळतो. हँगर तुटायला त्याहून चांगला सापळा नाही.

दगडवाट

एक गोष्ट कोणीच काढली नाही, आणि ती शॉकपेक्षा महत्त्वाची आहे: शिकार. सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारपासून ३१ जानेवारीपर्यंत हंगाम असतो. इटलीच्या १९९२ च्या कायद्यानुसार मंगळवार आणि शुक्रवारी शिकार बंद. शरद ऋतूत गेलात तर झुडपांतल्या अरुंद वाटा याच दोन दिवशी ठेवा, बाकीचे दिवस खडीच्या रस्त्यांना. रानडुकरांचा हाका चालू असल्याची पाटी दिसली की मागे वळायचं, "पटकन जाऊन येतो" नाही. अंगात भडक रंग.

मेंढ्यांचा कळप असेल तर पांढरे मारेम्मा कुत्रे असणारच. ते राखणीचे आहेत, तुम्हाला लांडगा समजतात. वेग वाढवू नका. उतरा, सायकल मध्ये धरा, कळपाला लांबून वळसा घालून चालत जा.

पंचेचाळीस_मिमी

आणि फाटक जसं असेल तसं ठेवा, बंद तर बंद. द्राक्षमळ्यातल्या खासगी वाटा नकाशाच्या ॲपवर सार्वजनिक दिसतात. 'प्रोप्रिएता प्रिवाता' (खासगी मालमत्ता) लिहिलंय तिथून वाद न घालता परत फिरा.

चाकोरी

शिकारीचा मुद्दा माझ्याकडून राहिलाच, धाग्यात वर हवा होता. शॉकबद्दल मत तेच: उतार बीसी किंवा वर असेल तर दगडवाटांचं ऐका, नाहीतर हार्डटेल. फक्त 'दहापैकी आठ' हा माझा अंदाज होता, आकडेवारी नव्हे. त्यावरून पुढची वीस उत्तरं नकोत.

दगडवाट

वीस नाहीत, एकच. तुमच्या हार्डटेलवर आमियाताचा उतार उतरायचा मोह झालाच, तर मागच्या टायरात २३ पीएसआय नको, २६ ठेवा. नाहीतर पहिल्याच दगडावर रिम वाकेल.