कार्बोनाडो: रंगाइतकीच सच्छिद्रता महत्त्वाची

कार्बोनाडो या काळ्या, सच्छिद्र हिऱ्याबद्दल दोन दावे ऐकू येतात: त्याचा रंग ग्राफाइटमुळे (पेन्सिलीतल्या मऊ काळ्या कार्बनमुळे) आणि उगम नक्की अंतराळातला. ग्राफाइटचा मुद्दा काही अंशी पटतो, पण दागिन्यातल्या काळ्या हिऱ्यांबाबत. ते बहुधा एकस्फटिकी, म्हणजे एकाच अखंड स्फटिकाचे असतात. आतल्या भेगा उष्णतेने ग्राफाइटमय करून काळे केलेले. कार्बोनाडो वेगळाच. काही मायक्रॉनपासून (मिलिमीटरचा हजारावा भाग) सुमारे २०० मायक्रॉनपर्यंतचे हिऱ्याचे कण वाटेल त्या दिशेने एकमेकांत जखडलेले, आणि मधे पोकळ्या. म्हणूनच त्याची घनता नेहमीच्या हिऱ्याच्या ३.५२ ग्रॅम प्रति घन सेंमीच्या खाली राहते. कण सगळ्या दिशांना वळलेले असल्याने एका पातळीत चीर जात नाही, आणि घासताना कुठल्या ना कुठल्या कणाची कठीण दिशा चाकासमोर येतेच. पैलू पाडणाऱ्याचा घाम निघतो तो इथे.

या दाव्यांत पोकळ्यांविषयी काहीच नसतं. त्यांत फ्लोरेन्साइटसारखी दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांची फॉस्फेटं, क्वार्ट्‌झ, केओलिन (पांढरी चिकणमाती) सापडतात. ही पृथ्वीच्या कवचातली, नंतर झिरपलेली खनिजं. त्यांच्यावरून हिरा कुठे घडला हे ठरवता येत नाही. पोकळ्या साफ न करता केलेलं रासायनिक विश्लेषण त्यामुळेच फसवं ठरतं.

अंतराळाची बाजू २००६ मध्ये गराई, हॅगर्टी आदी संशोधकांनी अवरक्त वर्णपटातल्या हायड्रोजनच्या खुणांवर मांडली: हिरा हायड्रोजनने भरलेल्या अवकाशात घडला असावा. ती दमदार आहे, पण निर्णायक नाही. त्यातला हलका कार्बन (δ¹³C, म्हणजे जड कार्बन-१३ चं प्रमाण मानकापेक्षा किती कमी-जास्त, साधारण −२३ ते −३०‰) जमिनीत खोल गेलेल्या सेंद्रिय कार्बनमधूनही येऊ शकतो. मात्र ब्राझील आणि मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातले हे दगड गाळातच मिळतात, किंबर्लाइटमध्ये (नेहमीचे हिरे खोलातून वर आणणाऱ्या ज्वालामुखी खडकात) एकही सापडलेला नाही. कवचाखालच्या उगमाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी आधी याचं उत्तर द्यावं.